प्रतापचंद्र लाल : बॉम्बफेकी वैमानिक ते वायुदलप्रमुख

बंगळूरच्या चामराजपेटेत कन्नड साहित्य परिषदेची वास्तू ज्या रस्त्यावर उभी आहे, त्या रस्त्यास महाकवी पंपाचे नाव आहे. दहाव्या शतकातील हा कवी अरिकेसरीच्या पदरी होता आणि परंपरा त्याला कवी व योद्धा अशा दोन्ही नात्यांनी ओळखते. लेखणी आणि शस्त्र एकाच हातात असणे ही आपल्या जुन्या वाङ्मयात अपूर्व गोष्ट मानली जात नसे. अर्वाचीन काळात मात्र हा योग विरळा झाला. ज्यांनी सैन्यात आयुष्य घालवले त्यांनी बहुधा लिहिले नाही. ज्यांनी लिहिले त्यांनी निवृत्तीनंतर, इंग्रजीत आणि हातचे राखून लिहिले. चामराजपेटेची आखणी १८९२ मधली. तीत पूर्वनियोजित नगररचनेची शिस्त आहे, सैनिकी छावणीची नाही. परंतु याच शहराच्या पूर्वेस, विमानपुऱ्यात, ज्या कारखान्याने बंगळूरला विमानांचे शहर केले, त्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या प्रमुखपदी १९६६ ते १९६९ या काळात एक असा अधिकारी होता, की ज्याचे शिक्षण पत्रकारितेचे, तारुण्यातील कर्म बॉम्बफेकीचे आणि अखेरचे सैनिकी पद वायुदलप्रमुखाचे होते. एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल हे त्यांचे नाव. भूदलातील जनरलच्या बरोबरीचा हा हुद्दा होय.

लाल यांच्या सैनिकी जीवनाचा विचार येथे करावयाचा आहे तो शौर्यकथा म्हणून नव्हे. त्यांच्या चरित्रात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहताना दिसतो: दुसऱ्याच्या कार्यास साहाय्य करणे आणि दुसऱ्याच्या अधीन होणे यांतील सीमारेषा कोठे ओढावी? बॉम्बफेकी वैमानिकास हा प्रश्न अगदी आरंभीच भेटतो, कारण त्याचे लक्ष्य बहुतेक वेळा जमिनीवरचा कोणी सैनिक निश्चित करीत असतो. लाल यांनी या प्रश्नाचे जे उत्तर तरुणपणी अनुभवाने मिळवले, ते त्यांनी पुढे रणनीतीत उतरवले. आणि त्याच उत्तरापायी त्यांना पदेही सोडावी लागली.

लाल यांचा जन्म ६ डिसेंबर १९१६ रोजी लुधियाना येथे झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १९३४ मध्ये, दिल्लीच्या फ्लाइंग क्लबातून त्यांनी हौशी वैमानिकाचा परवाना मिळवला. त्या काळी उड्डाण हा श्रीमंतांचा किंवा वेड्यांचा छंद समजला जाई. पुढे ते लंडनला गेले आणि तेथील किंग्ज कॉलेजात त्यांनी पत्रकारितेचा अभ्यास केला. त्यानंतर बॅरिस्टर होण्याचा मानस होता. १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि हा बेत तसाच राहिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते भारतीय वायुदलात दाखल झाले. तेव्हा या दलाची एकच तुकडी होती आणि तिची विमानेही जुनाट वापिती जातीची होती. युद्ध संपले तेव्हा तुकड्यांची संख्या नऊ झाली होती. इतक्या वेगाने वाढणाऱ्या दलास सर्वांत मोठी उणीव शिक्षकांची भासते. त्यामुळे हाती वैमानिकाचा परवाना असूनही लाल यांना प्रथम दिशादर्शनाचे काम शिकावे लागले, व शिकून झाल्यावर तेच शिकवावे लागले. युद्धाची पहिली तीन-चार वर्षे त्यांची अशी नकाशे, होकायंत्रे आणि वाऱ्याच्या वेगाची गणिते यांत गेली. रणांगणावर जाण्यास उतावीळ झालेल्या तरुणास हे रुचले असेल असे वाटत नाही. पण वरून पाहता ज्याचा अंत लागत नाही अशा ब्रह्मदेशाच्या अरण्यावर उडण्याची वेळ आली तेव्हा हीच विद्या उपयोगी पडली.

१९४३ मध्ये लाल सातव्या स्क्वाड्रनमध्ये आले. ही तुकडी डिसेंबर १९४२ मध्ये विशाखापट्टणम येथे उभी राहिली होती आणि तिच्याकडे अमेरिकन बनावटीची व्हल्टी व्हेंजन्स ही विमाने होती. या विमानाची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण लाल यांच्या युद्धविषयक विचारांचे मूळ त्यात आहे. १९४० मध्ये जर्मनांच्या स्टुका विमानांनी फ्रान्समध्ये जो धुमाकूळ घातला, तो पाहून ब्रिटिशांनी सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांची मागणी अमेरिकेकडे नोंदवली. विमाने हाती येईपर्यंत असे दिसून आले, की शत्रूची लढाऊ विमाने आकाशात असताना ही मंद आणि अवजड वाहने टिकाव धरू शकत नाहीत. युरोपात नकोसे झालेले हे विमान मग पूर्वेकडे धाडण्यात आले. साम्राज्याच्या व्यवहारात हा न्याय नवा नव्हता. परंतु ब्रह्मदेशाच्या सीमेवर या टाकाऊ विमानाला आपले खरे काम सापडले.

व्हेंजन्सचे पंख अशा कोनात बसवलेले होते की विमान सरळ खाली, जवळजवळ लंबरेषेत, सूर मारू शके. इतर विमानांत सूर मारताना पंखांच्या उचलीमुळे नाक वर येऊ पाहते व नेम चुकतो. येथे तो दोष नव्हता. त्याची किंमत सरळ उड्डाणात मोजावी लागे: विमान नाक वर करून, काहीसे ओढत नेल्यासारखे चाले आणि वैमानिकाला समोरचे धड दिसत नसे. विमानात दोघेच, पुढे वैमानिक आणि त्याच्या पाठीमागे मागील बाजूची मशीनगन सांभाळणारा दिशादर्शक. पाचशे पौंडांचे दोन बॉम्ब पोटात व आणखी काही पंखांखाली. सुमारे दहा-बारा हजार फुटांवर लक्ष्य नेमके पायाखाली आले की विमान उलटे करून खाली सोडायचे, पंखांवरच्या गतिरोधक पट्ट्या उघडून वेग आवरायचा, आणि काही सेकंदांत बॉम्ब सोडून ताकदीने वर काढायचे. त्या वर येण्याच्या क्षणी शरीरातील रक्त खाली ओढले जाऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. एका मागोमाग एक विमान त्याच उतरंडीने खाली येई. इतर बॉम्बफेकी विमाने वस्तीच्या वस्ती उद्ध्वस्त करीत. हे विमान एखादा पूल, एखादा दारूगोळ्याचा साठा, टेकडीच्या कुशीतला एखादा खंदक टिपण्याकरिता होते. आपल्या सैन्याच्या अगदी समोर शेकडो यार्डांवर बॉम्ब टाकायचा असेल तर याहून विश्वासू साधन त्या रणांगणावर नव्हते.

१९४४ च्या मार्चमध्ये सातवे स्क्वाड्रन आसामात, सिलचरजवळच्या उदरबंद येथील धावपट्टीवर आले, आणि त्याच महिन्यात जपानच्या पंधराव्या सैन्याने इंफाळ व कोहिमा यांच्या दिशेने मोहीम उघडली. इंफाळचा वेढा सुमारे चार महिने चालला. रस्ते तुटले होते, रसद विमानांनी येत होती आणि डोंगरांत दोन्ही सैन्ये इतकी एकमेकांत मिसळली होती, की वरून पाहणाऱ्यास आपला कोण व परका कोण हे ओळखू येऊ नये. स्क्वाड्रनचे नेतृत्व तेव्हा हेम चौधरी यांच्याकडे होते आणि लाल त्यांचे एक फ्लाइट कमांडर होते. लक्ष्य ठरवी ते खालचे भूदल. कधी धुराचा गोळा फोडून, कधी नकाशावरील चौकटीचा आकडा देऊन ते कळवले जाई. वैमानिकाला आपल्या बॉम्बचा परिणाम बहुधा दिसत नसे: झाडीचे छत्र हलून पुन्हा मिटे आणि संध्याकाळी भूदलाकडून निरोप आला तर आला.

लाल यांच्या मनावर या अनुभवाचा जो ठसा उमटला तो दुहेरी होता असे मला वाटते. वायुदल स्वतःपुरते कितीही कुशल असले तरी जमिनीवरच्या माणसाच्या योजनेशी त्याचा सांधा जुळलेला नसेल तर ते कौशल्य व्यर्थ जाते, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. सूर कोणत्या दिशेने मारायचा, ढग खाली आले असता परत फिरायचे की नाही, विमानाला काय शक्य आहे आणि काय नाही, हे भूदलाच्या अधिकाऱ्याने ठरवायचे नसते. खालच्याने काय हवे ते सांगावे; ते कसे करायचे हे वरच्याने ठरवावे. वरवर साधी दिसणारी ही वाटणी प्रत्यक्षात किती अवघड आहे, याचा प्रत्यय लाल यांना पुढील तीस वर्षे येत राहिला.

१९४४ च्या मध्यास पावसाळ्यात व्हेंजन्सची कामगिरी संपली. लाल यांच्याकडे स्क्वाड्रनचे नेतृत्व आले आणि तुकडीस हरिकेन विमाने मिळाली. १९४५ च्या वसंतात, चौदावे सैन्य इरावती ओलांडून दक्षिणेकडे सरकत असता, लाल यांचे स्क्वाड्रन पुन्हा आघाडीवर होते. या मोहिमेतील नेतृत्वाबद्दल त्यांना त्याच वर्षी डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा किताब मिळाला. ज्या साम्राज्यासाठी हे युद्ध लढले गेले ते दोन वर्षांत भारतातून गेले. त्या युद्धात समोरच्या बाजूस आझाद हिंद सेनेचे भारतीय सैनिकही होते, हे आज आपण विसरू शकत नाही. त्या पिढीच्या सैनिकाने या गोष्टीकडे कसे पाहिले हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. लाल यांच्यासारख्या व्यावसायिक सैनिकांनी तो उघडून बोलून दाखवण्याचे सामान्यतः टाळले.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाबद्दल फार सांगण्याची गरज नाही. फाळणीत विभागलेले दल पुन्हा बांधण्याचे ते दिवस होते, आणि हाती असलेल्या अधिकाऱ्यांना पायऱ्या झपाट्याने चढाव्या लागल्या. १९५७ मध्ये लाल यांना इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनचे जनरल मॅनेजर म्हणून पाठवण्यात आले आणि पाच वर्षे ते नागरी विमानवाहतुकीत राहिले. गणवेश उतरवून तिकिटे, वेळापत्रके, कामगार संघटना व तोटा यांच्याशी झुंजण्याचा हा काळ. कानपूरला बांधल्या जाऊ लागलेल्या ॲव्हरो विमानांच्या प्रश्नावरून त्यांचे आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचे मतभेद झाले. देशी कारखान्यातून निघालेले विमान देशी कंपनीने घ्यावे हा मंत्र्यांचा आग्रह समजण्यासारखा होता. ते विमान आपल्या मार्गांवर परवडेल काय, हा जनरल मॅनेजरचा प्रश्नही तितकाच रास्त होता. परिणाम असा झाला, की १९६२ च्या सप्टेंबरात लाल यांची वायुदलातील सेवाच समाप्त करण्याचा निर्णय झाला. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे सैनिकी आयुष्य संपल्यात जमा होते.

पुढच्याच महिन्यात चीनचे आक्रमण झाले, मेनन यांना जावे लागले आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. लाल यांना वायुदलात परत घेण्यात आले. एखाद्या अधिकाऱ्याचे भवितव्य देशाच्या पराभवातून सावरावे, यातील विसंगती त्यांना जाणवली नसेल असे नाही. त्या युद्धात आपली लढाऊ व बॉम्बफेकी विमाने जमिनीवरच राहिली. रसद टाकणारी विमाने आणि हेलिकॉप्टरे तेवढी उडाली. इंफाळच्या वेढ्यात विमानांनी भूदलास कसे तारले हे ज्याने पाहिले होते, त्याला याचे दुःख इतरांहून अधिक झाले असणार.

१९६४ मध्ये लाल वायुदलाचे उपप्रमुख झाले आणि पुढच्या वर्षी पाकिस्तानशी युद्ध जुंपले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब विभागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले. दुपार उलटल्यावर भूदलप्रमुख जनरल चौधरी यांनी वायुदलाची मदत मागितली व चव्हाणांनी ती तत्काळ मान्य केली. सूर्यास्तापूर्वीच्या थोड्या वेळात सव्वीस उड्डाणे झाली आणि चार व्हॅम्पायर विमाने आपण गमावली. मावळत्या उजेडात काही मारा आपल्याच सैनिकांवर झाला. पाच दिवसांनी पठाणकोटच्या तळावर उभी असलेली विमाने जळाली. पराक्रमाचे प्रसंग या युद्धात पुष्कळ आहेत, परंतु लाल यांच्या दृष्टीने मुख्य गोष्ट वेगळी होती. भूदल व वायुदल यांनी एकत्र बसून योजना आखलीच नव्हती. वायुदलाला भूदलाचे बेत आयत्या वेळी कळत, आणि मग जे मागितले जाई ते घाईने दिले जाई. इंफाळला १९४४ मध्ये जे साधले होते ते एकवीस वर्षांनी स्वतंत्र देशाच्या दोन दलांना साधले नाही. हा दोष त्यांनी पुढे स्पष्ट शब्दांत नोंदवला. दोष देताना आपले दल त्यांनी थोडे अधिक सांभाळून घेतले, असेही वाचकास वाटल्यावाचून राहत नाही.

या युद्धानंतर, १९६६ मध्ये, त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ते बंगळूरला आले. येथे पुन्हा थोडे मागे जावे लागेल. बंगळूरचा विमान कारखाना डिसेंबर १९४० मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने उभारला. आरंभीच्या योजनेत व्हल्टी कंपनीच्याच बॉम्बफेकी विमानांच्या जुळणीचा समावेश होता. युद्धाच्या निकडीत ते काम मागे पडले, १९४२ मध्ये वालचंदांचा भाग सरकारने घेतला, आणि कारखाना मित्रराष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीत गुंतला. स्वातंत्र्यानंतर याच कारखान्याने कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर जातीची अवजड बॉम्बफेकी विमाने दुरुस्त करून दिली आणि १९४८ मध्ये त्यांच्यावर वायुदलाचे पाचवे स्क्वाड्रन उभे राहिले. दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूला उपयोगी करण्याची कला या शहराला जुनीच अवगत आहे.

लाल आले तेव्हा कारखान्याचे स्वरूप बदलले होते. १९६४ मध्ये निरनिराळे उद्योग एकत्र करून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड ही कंपनी झाली होती. बंगळूरला नॅट विमाने बांधली जात होती. ओझरला, नाशिकजवळ, मिगच्या सांगाड्याचे काम उभे राहत होते, त्याची इंजिने कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे हैदराबादला. जर्मन अभियंता कुर्ट टांक याने आखलेले मारुत हे विमान १९६१ मध्ये उडाले होते आणि एप्रिल १९६७ मध्ये त्याचे पहिले स्क्वाड्रन वायुदलात आले. मारुतचा आराखडा उत्तम व इंजिन दुबळे, अशी त्याची शोकांतिका थोडक्यात सांगता येते. हवे ते इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. येथे लाल यांची स्थिती मोठी चमत्कारिक होती. वायुदलाचा अधिकारी म्हणून त्यांना परिपूर्ण विमान हवे होते, आणि कारखान्याचे प्रमुख म्हणून जे बनते ते वायुदलाने घ्यावे असे म्हणणे त्यांना भाग होते. कानपूरच्या ॲव्हरोवरून मेनन यांच्याशी वाद घालणारा मनुष्य आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसला होता. या तीन वर्षांनी त्यांना ग्राहक आणि उत्पादक या दोघांच्याही अडचणी शिकवल्या. आज विमानपुऱ्याकडे जाताना सुरंजन दास यांच्या नावाचा रस्ता लागतो. मारुतची पहिली भरारी घेणारे हे वैमानिक जानेवारी १९७० मध्ये त्याच विमानाच्या सुधारित आवृत्तीच्या अपघातात दिवंगत झाले. तोवर लाल दिल्लीस गेले होते.

१६ जुलै १९६९ रोजी लाल वायुदलप्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणत्याही उड्डाणापूर्वी कागदावर झालेला आहे. ब्रिटिश परंपरेत वाढलेल्या वायुदलात एक समजूत खोल रुजलेली होती, ती अशी की वायुदलाचे खरे काम शत्रूच्या प्रदेशात दूर जाऊन त्याच्या उद्योगांवर आणि तळांवर घाला घालणे हे होय. भूदलास साहाय्य हे दुय्यम. एकेकाळचा बॉम्बफेकी वैमानिक या समजुतीचा कैवारी असावा, अशी कोणाची अपेक्षा झाली असती तर ती गैर नव्हती. लाल यांनी क्रम बदलला. प्रथम देशाच्या आकाशाचे व आपल्या तळांचे संरक्षण. त्यानंतर भूदल आणि नौदल यांच्या मोहिमांना साहाय्य. दूरचे घाले त्यानंतर. भूदलाच्या प्रत्येक कमांडशी वायुदलाची पुढची कार्यालये जोडली गेली, जेणेकरून योजना एकत्र बसून व्हाव्यात. १९६५ चा धडा येथे अमलात आलेला दिसतो, आणि त्याच्याही मागे इंफाळचा धडा आहे.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या तळांवर हल्ले केले, परंतु पठाणकोटची पुनरावृत्ती झाली नाही; विमाने सुरक्षित निवाऱ्यांत होती. पूर्वेकडे ढाक्याजवळच्या तेजगाव धावपट्टीवर पाचशे किलोग्रॅमचे बॉम्ब टाकणारी मिग-२१ विमाने तीव्र उतारावरून खाली येऊन नेम साधीत होती. तीस वर्षांपूर्वीची सूर मारण्याची युक्ती ध्वनीहून वेगवान विमानाकडून करवून घेतली जावी, हे लाल यांच्या नजरेतून सुटले असेल असे मानणे कठीण आहे. ७ डिसेंबरपर्यंत पूर्वेतील आकाश पूर्णपणे आपल्या हाती आले. मग मेघनेवरचा पूल शत्रूने उडवल्यावर हेलिकॉप्टरांनी सैन्य पलीकडे नेले, ११ डिसेंबरला टांगाइलजवळ छत्रीधारी उतरले आणि १६ तारखेस ढाक्याची शरणागती झाली. पश्चिमेकडे लोंगेवाला येथे भूदलाच्या एका कंपनीस वेढू पाहणारे रणगाडे जैसलमेरहून आलेल्या थोड्याशा हंटर विमानांनी उघड्या वाळवंटात गाठले. माल वाहण्याची अँतोनोव्ह विमाने रात्री बॉम्बफेकीस वापरली गेली. बंगळूरची मारुत विमाने राजस्थानच्या आघाडीवर लढली, आणि श्रीनगरच्या आकाशात निर्मलजितसिंग सेखों यांनी ज्या विमानातून प्राण वेचले व वायुदलाला एकमेव परमवीरचक्र मिळवून दिले, ते विमान नॅट जातीचे होते.

या क्रमाची किंमतही मोजावी लागली, आणि ती विसरून चालणार नाही. जमिनीलगत उडून भूदलास साहाय्य करणाऱ्या विमानांवर खालून होणारा मारा भयंकर असतो. त्या युद्धात लढताना गमावलेल्या आपल्या विमानांपैकी बरीच विमाने आकाशातील झुंजीत न जाता तोफा व मशीनगनांच्या माऱ्याने गेली. भूदलास साहाय्य प्रथम, असे वायुदलप्रमुख लिहून देतो तेव्हा आपल्या वैमानिकांनी कोठे मरावे हेही तो काही अंशी ठरवीत असतो. ज्याने स्वतः झाडीवर सूर मारले होते त्यालाच हे लिहून देण्याचा नैतिक अधिकार पोहोचत होता.

विजयानंतर, १९७२ मध्ये, त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास तिन्ही दलांवर एकच सर्वसेनाप्रमुख असावा, आणि तो जनरल माणेकशा असावा, असा विचार पुढे आला. लाल यांनी या कल्पनेस विरोध केला. ज्याने वायुदलाला भूदलाच्या सेवेस जुंपले त्यानेच भूदलाचे वर्चस्व नाकारावे, हे अनेकांना विसंगत वाटले. काहींनी त्यात व्यक्तिगत मत्सरही पाहिला. दोन प्रबळ व्यक्तिमत्त्वांचा संघर्ष त्यात मुळीच नव्हता असे मी म्हणणार नाही. तरीही उदरबंदच्या धावपट्टीपासून त्यांच्या वर्तनाकडे पाहिले तर विसंगती उरत नाही: काय हवे ते भूदलाने सांगावे, कसे करावे ते वायुदलाने ठरवावे, हीच ती जुनी वाटणी होती. माणेकशा जानेवारी १९७३ मध्ये फील्ड मार्शल झाले, सर्वसेनाप्रमुख झाले नाहीत. ते पद प्रत्यक्षात भरले जाण्यास २०२० साल उजाडावे लागले. लाल १५ जानेवारी १९७३ रोजी निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर ते पुन्हा इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्मचाऱ्यांशी झालेल्या तंट्यात त्यांनी टाळेबंदी पुकारली. त्यांच्या कठोरपणाची चर्चा पुष्कळ झाली, आणि येथे त्यांचा सैनिकी स्वभाव नागरी संस्थेला पेलला नाही असे म्हणण्यास जागा आहे. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, हे पद त्यांना सोडावे लागले. त्या काळातील बोइंग विमानांच्या खरेदीची पुढे शाह आयोगाने चौकशी केली. त्यानंतर ते टाटा उद्योगसमूहातील एका कंपनीत काम करू लागले, आणि तेथे नियतीने एक विलक्षण प्रसंग योजला. १९७८ च्या फेब्रुवारीत मोरारजी देसाई यांच्या सरकारने जे. आर. डी. टाटा यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले आणि त्यांच्या जागी लाल यांची नेमणूक केली. टाटांना ही वार्ता सरकारच्या पत्रापूर्वी लाल यांच्या दूरध्वनीवरून समजली, असे टाटांच्या चरित्रात आले आहे. दोनदा शासनाच्या मर्जीबाहेर जाऊन पद गमावलेल्या मनुष्याने, त्याच मर्जीने दुसऱ्याचे रिकामे केलेले आसन स्वीकारावे काय? लाल यांनी ते स्वीकारले. निदान ज्याच्या आसनावर आपण बसणार त्यास आधी आपल्या तोंडून सांगण्याचे सौजन्य त्यांनी पाळले. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत अवघड निर्णय होय, आणि आजवरच्या त्यांच्या वागण्याशी तो मला नीट जुळवता आलेला नाही.

अखेरच्या वर्षांत लाल आपल्या आठवणी लिहीत होते. ते लिखाण पुरे होण्यापूर्वीच ऑगस्ट १९८२ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. ज्या शहरात ते पत्रकारिता शिकण्यास गेले होते, तेच हे शहर. त्यांच्या पत्नी इला लाल यांनी ते हस्तलिखित सिद्ध करून १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. 'माय इयर्स विथ द आय. ए. एफ.' या नावातच लेखकाचा स्वभाव आहे: 'माझी वर्षे' हे शब्द असले तरी पुस्तकाचा नायक वायुदल आहे आणि 'मी' बहुतेक वेळा पडद्याआड उभा आहे. योगायोगाने लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे इंग्रजी आत्मचरित्रही त्याच वर्षी निघाले. थोरात कोल्हापूरकडचे, मनमोकळे, गोष्टीवेल्हाळ आणि स्वतःवर हसणारे. लाल मितभाषी, कागदपत्रांना धरून चालणारे आणि राग आला असता अधिकच नेमके लिहिणारे. भूदलातील मराठी माणूस आणि वायुदलातील पंजाबी माणूस यांची ही दोन पुस्तके समोरासमोर ठेवून वाचण्याजोगी आहेत. १९६२ च्या पराभवाची प्रकरणे तर दोन्हींतून एका बैठकीत वाचावीत. एकच आपत्ती जमिनीवरून कशी दिसली आणि आकाशातून, म्हणजे उडूच न दिलेल्या विमानांच्या तळांवरून, कशी दिसली, ते तेथे शेजारी शेजारी सापडते.